दोन पोरं, दोन इंजिनं आणि आठ नॉच

भुसावळात राहून घरात रेल्वे नको म्हणणारी मी एकटीच असेन. सासरे लोको पायलट म्हणून रिटायर झालेले, नवरा यार्डात, दीर लॉबीत बसून ड्युट्या लावणारा. जेवताना विषय निघतो तो कोणती गाडी किती लेट याचाच. त्यामुळे मागच्या दिवाळीला नणंद न्यू जर्सीहून आली आणि तिने बॅगेतून खेळण्यातल्या रेल्वेचं भलंमोठं खोकं काढलं, तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, आता माळाही गेला.

चावीचं खेळणं नव्हतं ते. एचओ मापाची गाडी होती, म्हणजे खऱ्याच्या १/८७, दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. दोन इंजिनं, सात डबे, रुळांचा लंबगोल, एक सायडिंग म्हणजे बाजूला गाडी उभी करायचा फाटा, आणि दहा बटणांचा डिजिटल कंट्रोलर. असला सेट इथे मागवायचा तर खेळण्यावरची मूळ आयात ड्यूटीच २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. त्यावर जीएसटी वेगळा. म्हणून कुणीतरी परदेशातून येणारं गाठायचं आणि बॅगेत जागा आहे का विचारायचं, हाच धोपटमार्ग.

खोक्यावर वय १४ च्या पुढे असं छापलेलं. आमचा मोठा नऊ वर्षांचा, धाकटी पाचची. नणंद म्हणाली, "वहिनी, आपल्या घरची पोरं आहेत, त्यांना रेल्वेचं काय शिकवायचं?" पोरांना खरंच काही शिकवावं लागलं नाही. शिकावं मलाच लागलं.

पहिल्याच संध्याकाळी मी घोळ केला. अमेरिकन अडॅप्टरच्या चपट्या पिना आपल्या सॉकेटात बसत नाहीत, म्हणून दहा-वीस रुपयांचा पिन बदलायचा जोड लावला आणि बटण दाबलं. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत काम करते. व्होल्टेज म्हणजे काय हे दरवर्षी पोरांना सांगते. तरी अडॅप्टरच्या बुडाशी १२० व्होल्ट लिहिलेलं वाचलं नाही. वास आला, मग धूर, मग अप्पांचा आवाज, "काय जाळून राह्यली व सूनबाई?" पिना बदलल्या म्हणून व्होल्टेज बदलत नाही, हे वाक्य आता मी वर्गात फार कळवळून सांगते.

कंट्रोलर मात्र वाचला होता. त्याला आत १६ व्होल्ट एसी लागत होता, आणि जळाला तो बाहेरचा ट्रान्सफॉर्मर. नवा कुठून आणायचा? आपल्याकडे विहिरीवरच्या मोटरी भरून देणारे प्रत्येक गावात असतात. आमच्या ओळखीचे एक वाइंडिंगवाले मूळ धुळ्याकडचे. त्यांना कागदावर लिहून दिलं: २३० ला १६, दीड अँपिअर. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "ताई, मी साडेसात एचपीनी मोटर भरस. हाई तं खेळनं शे." पण भरून दिला, वर पत्र्याचा डबा आणि फ्यूजही बसवून दिला. त्याचं वजन अख्ख्या गाडीपेक्षा जास्त आहे आणि तो आजही चालतोय.

त्याला चार दिवस लागले. तेवढे दिवस पोरं थांबणार थोडीच. प्रयोगशाळेतला जुना डीसी सप्लाय घरी आणला आणि रुळांना जोडला. डिजिटल इंजिनं बहुतेक वेळा साध्या डीसीवरही धावतात, फक्त जरा उशिरा हलतात, कारण आतल्या डिकोडरला, म्हणजे निरोप वाचणाऱ्या चिपला, आधी जाग यावी लागते. साध्या डीसीत रुळावरचं व्होल्टेज म्हणजेच वेग. नॉब फिरवला की रुळावर जे जे असेल ते सगळं धावतं. पोरांची भांडणं तिथेच सुरू झाली. मोठ्याला त्याचं इंजिन पळवायचं, धाकटीला तिचं सायडिंगला उभं करून त्यात कपाशीचे बोळे भरायचे. एक पळालं की दुसरंही पळतं. चार दिवसांत माझं ठरलं की दोन पोरं असतील तर डिजिटलला पर्याय नाही. एक पोर असतं तर मी आजही सांगेन, साधा डीसी नॉब घ्या आणि सुखात राहा.

डिजिटलमध्ये रुळावर नेहमी सारखंच व्होल्टेज असतं, एचओला साधारण १४-१५. ते सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतं आणि त्या उलटण्याच्या वेळेतच निरोप दडलेला असतो. मी दोन तारा काढून कॉलेजातल्या सीआरओला, म्हणजे व्होल्टेजच्या लाटा दाखवणाऱ्या यंत्राला, लावून पाहिलं. पडद्यावर चौकोनी लाटा, काही अरुंद, काही रुंद. अरुंद म्हणजे एक, तिचा अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंद. रुंद म्हणजे शून्य, अर्धा भाग १०० किंवा जास्त. प्रत्येक इंजिनाच्या पोटातला डिकोडर हे सगळं ऐकतो आणि आपला पत्ता आला तरच हलतो. या पद्धतीला डीसीसी म्हणतात, आणि ती मुळात जर्मनीच्या लेन्झ कंपनीची. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने तिचं मानक केलं, म्हणून एका कंपनीचं इंजिन दुसरीच्या कंट्रोलरवर चालतं. हे तेव्हा मला नुसतं ज्ञान वाटलं होतं. पुढे त्यानेच पैसे वाचवले.

नवा ट्रान्सफॉर्मर आला, दहा बटणांचा कंट्रोलर जिवंत झाला. तीन नंबरचं बटण दाबून नॉब फिरवला तर दोन्ही इंजिनं पळाली! कारखान्यातून येताना बहुतेक डिकोडरांचा पत्ता ३ च असतो. मग एकाचा पत्ता बदलून ७ करायला घेतला, आणि दोन्ही इंजिनं रुळावरच ठेवून बदलला. आता दोन्ही ७. पत्ता बदलताना रुळावर एकच इंजिन हवं, हे पुस्तिकेत लिहिलेलं होतं. पुस्तिका मी नंतर वाचली.

पत्त्यावरून अप्पांचं एक राहून गेलं. त्यांनी शेवटी चालवलेल्या मालगाडीच्या इंजिनाचा नंबर त्यांना पत्ता म्हणून हवा होता. आपल्या बऱ्याच डब्ल्यूएजी-७ इंजिनांचे नंबर २७ हजारांच्या घरातले, पाच आकडी. डीसीसीमध्ये पत्ता फार तर १०२३९ पर्यंत जातो, आणि हातातले बरेच कंट्रोलर ९९९९ लाच थांबतात. अप्पा म्हणाले, "आपल्या गाड्या जास्ती, त्यांचे आकडे कमी." पाच वर्षांच्या पोरीला तसाही एकआकडीच पत्ता बरा. तीनचं इंजिन मोठ्याचं, सातचं धाकटीचं.

आणि सातचं इंजिन पाहून अप्पा जमिनीवर मांडी घालून बसले, ते उठेनात. लांब नाकाचं, खांद्यावर जाळ्या असलेलं डिझेल. "अरे, हा तं आपला अल्को!" म्हणाले. आपलं डब्ल्यूडीएम-२ डिझेल मूळ अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीच्या, म्हणजेच अल्कोच्या, डिझाइनचं. पहिली इंजिनं १९६२ मध्ये तिथून आली, १९६४ पासून वाराणसीला बनू लागली. अप्पा असिस्टंट असताना खांडव्याच्या बाजूला तारा नव्हत्या, तिकडे हीच चालायची. आठ नॉचचं, म्हणजे वेग वाढवायच्या आठ पायऱ्यांचं इंजिन. आठव्या नॉचला काळा धूर सोडायचं आणि सगळ्या स्टेशनला कळायचं.

आता कंट्रोलरचं सांगते. दहा बटणांचा कंट्रोलर मोठ्या माणसाला सोपा वाटतो: इंजिनाचं बटण दाबा, नॉब फिरवा. त्याच्या जाहिरातीतही सोपा असंच म्हणतात. पण नॉब एकच. मोठ्याने ३ दाबून आपलं इंजिन सोडलं, मग धाकटीने ७ दाबून नॉब हातात घेतला. तीनचं इंजिन तोवर कुठे थांबतंय? ते शेवटच्या वेगाने गोल गोल पळत राहतं. थांबवायचं तर पुन्हा ३ दाबायचं, पण तोवर नॉब सातच्या वेगावर असतो. पोर घाबरून नॉब शून्यावर आणतं आणि थांबतं भलतंच इंजिन. तिसऱ्या दिवशी सायडिंगच्या सांध्यावर समोरासमोर धडक झाली. एक डबा पलंगाखाली गेला, कपाशी सगळीकडे. धाकटी रडत म्हणत होती, "मी थांबवलं होतं!" खरंच तिने थांबवलं होतं. यंत्राने ऐकलं होतं दुसऱ्यासाठी.

त्या दिवशी मला कळलं की बटणं कमी असली म्हणून कंट्रोलर सोपा होत नाही. या नॉबचा मालक आत्ता कोण, हे पोराला लक्षात ठेवावं लागलं, तिथेच तो अवघड झाला.

गल्लीत डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक पोरगा आहे. आमच्या माळ्यावर त्याचा वावर तेव्हापासून सुरू झाला. तो म्हणाला, "काकू, एवढ्याला काय, घरीच बनवू." डीसीसी-ईएक्स नावाचा मोफत, खुला प्रोग्रॅम आहे. अर्डुइनो मेगा नावाचा छोट्या कॉम्प्युटरसारखा बोर्ड घ्यायचा, त्याच्यावर रुळांना वीज देणारं मोटर शिल्ड बसवायचं, प्रोग्रॅम भरायचा, की झालं कमांड स्टेशन, म्हणजे इंजिनांना निरोप पाठवणारं यंत्र. सामान जळगावच्या गोलाणी मार्केटातून आणलं. दोन्ही बोर्ड मिळून दोन हजारांच्या आत. घरात १९ व्होल्टचा जुना लॅपटॉप चार्जर पडलेला होता, तो लावू म्हणाला. मी एकदा धूर पाहिलेला, त्यामुळे नाही म्हटलं आणि १५ व्होल्टचा अडॅप्टर आणला. शिल्डमध्येच दोनएक व्होल्ट खर्ची पडतात, रुळावर तेरा पोचतात, पोरांना तेवढे पुष्कळ. एक काम मात्र विसरू नये: शिल्डवरून मेगाला वीज देणारी बारीक जोडणी कापावी लागते, नाहीतर अडॅप्टरचे पंधरा व्होल्ट थेट अर्डुइनोच्या पोटात.

वायफायचा तुकडा जोडला आणि अँड्रॉइड फोनवर इंजिन ड्रायव्हर नावाचं मोफत अ‍ॅप टाकलं. दोन जुने फोन, दोन पोरं, प्रत्येकाच्या फोनवर एकच इंजिन. अ‍ॅपमध्ये पोरांसाठी वेळ लावून द्यायचीही सोय आहे, वेळ संपली की गाडी थांबते. मला वाटलं, सुटलो. मी तर नणंदेला फोटोही पाठवला.

आठवडाभर अप्पा काही बोलले नाहीत. खुर्चीत बसून नुसते पाहायचे. मग एका रविवारी, भरिताची वांगी भाजत होते गच्चीवर, तिथून म्हणाले, "सूनबाई, एक सांगू? पोरगं खाली पाहून राह्यलं. गाडी कोन पाह्यल मग?"

मी जाऊन उभी राहिले. खरंच होतं. फोनच्या काचेवर पट्टी वर-खाली सरकवायची, तर बोट कुठे आहे हे पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून दोघांच्या माना खाली. गाडी वळणावर घसरली तरी आवाज आल्यावरच मान वर. मध्येच काचेवरचा उजेड गेला की इंजिन पळतंय आणि हातात काळा फोन. एकदा तर सातच्या इंजिनाच्या फोनवर गॅसच्या नंबरवाल्याचा कॉल आला. धाकटीने इमानदारीने तो उचलला आणि "बाबा यार्डात आहेत" असं सांगत बसली. तोवर तिची मालगाडी प्लायवुडच्या काठावरून खाली.

अप्पा सांगत होते ते त्यांच्या नोकरीचं. चालत्या इंजिनात ड्रायव्हर हाताकडे पाहत नाही. हात नॉचवर, नजर समोर. सिग्नल दिसला की ड्रायव्हर आणि असिस्टंट दोघांनी हात करून मोठ्याने म्हणायचं, हिरवा, पिवळा, काय असेल ते. कितवा नॉच आहे हे हाताला कळलं पाहिजे. डिझेलला आठ. नंतर इलेक्ट्रिकवर आले तेव्हा टॅप चेंजरचे बत्तीस, तरी तेही त्यांना मोजावे लागत नसत. "मले रातच्याले कधी दिसला का नॉच? हाताले मालूम रायते."

त्यानंतर मी तयार कंट्रोलर पाहायला लागले, पण आता काय पाहायचं ते माहीत होतं. खराखुरा फिरणारा नॉब, शून्यावर आल्याचं हाताला कळणारा. रोकोचा मल्टीमाउस त्यात मला सर्वांत आवडला: नॉब मधोमध असला की थांबा, उजवीकडे पुढे, डावीकडे मागे. पोराला यापेक्षा कमी शब्दांत काही समजावता येणार नाही. एनसीईचा पॉवर कॅब चांगला म्हणतात, पण त्या हातोड्याच्या आकाराच्या रिमोटवर इतकी बटणं आहेत की धाकटीने आधी ती सगळी दाबली असती. हॉर्नबीचा सिलेक्ट ५९ इंजिनं सांभाळतो. आम्हाला दोनच सांभाळायची होती. हॉर्नबीचीच एचएम ७००० नावाची नवी सोय ब्लूटूथवर चालते, पण तीही पुन्हा फोनवर आली, म्हणजे पुन्हा मान खाली. मार्कलिनच्या रुळांचा घाटच वेगळा, तिथे दोन रुळांच्या मधोमध वीज देणारा तिसरा संपर्क असतो, आमच्या रुळांशी ते जुळलं नसतं.

मल्टीमाउस दोन घ्यायचे, अधिक त्याचं स्टेशन, अधिक ती सत्तर टक्के. नवऱ्याने हिशेब ऐकला आणि म्हणाला, "त्यापेक्षा दोघांना रेल्वेतच लावू." कमांड स्टेशन आमच्याकडे होतंच. डीसीसीचं मानक एकच असल्यामुळे इंजिनांना कोण बोलतंय याचा फरक पडत नव्हता. उरला फक्त नॉब.

कंट्रोलरचा पहिला डबा साध्या पोटेन्शिओमीटरने केला. रेडिओच्या आवाजाचा असतो तोच. त्याची एक खोड आहे: हात न लावताही त्याचा आकडा एक-दोनने वरखाली होत राहतो. इंजिन कुजबुजल्यासारखं कमीजास्त होत होतं. लहान फरक दुर्लक्षित करायला प्रोग्रॅममध्ये सांगितलं, ते थांबलं. तरी हाताला काहीच कळत नव्हतं, नुसतं गुळगुळीत. अप्पांनी एकदा फिरवला आणि ठेवून दिला. "याले नॉच कुठं?"

त्या वाक्यावर मला प्रयोगशाळेतला रोटरी स्विच आठवला. टक, टक, टक असा फिरणारा, बारा घरांचा. त्याच्या आत एक वॉशर असतो, तो हलवला की किती घरांवर थांबायचं ते ठरवता येतं. आम्ही नऊ ठेवली: शून्य आणि आठ नॉच. घराघरांमध्ये एकेक रेझिस्टर जोडला, म्हणजे प्रत्येक घराला वेगळं व्होल्टेज मिळतं. लहान अर्डुइनो नॅनो ते मोजतो, त्याचा वेग करतो आणि वायरने मेगाला कळवतो. मेगाला असे निरोप घ्यायला कॉम्प्युटरची वायर सोडून आणखी तीन पोर्ट आहेत. दोन डबे, दोन पोर्ट.

पहिल्या दिवशी प्रत्येक नॉच बदलताना इंजिन गचका खायचं. दोन संध्याकाळी गेल्या शोधण्यात. हा स्विच एक घर सोडून दुसऱ्याला चिकटेपर्यंत क्षणभर कुठेच नसतो, आणि त्या क्षणाला नॅनो शून्य वाचत होता. डिप्लोमावाल्याने पन्नास मिलिसेकंद थांबून मगच आकडा मानायचा, असं लिहिलं, आणि गचका गेला. पुढे-मागे करायला वेगळा खटका आहे, तो नॉच शून्यावर असला तरच ऐकतो. खऱ्या इंजिनातही रिव्हर्सर असाच अडवलेला असतो, असं अप्पांनी दोनदा येऊन खात्रीने सांगितलं. हॉर्नला दारावरच्या घंटीचं बटण. आवाज फक्त सातच्या इंजिनात आहे, दुसऱ्याचं बटण दाबलं तर काही होत नाही. मोठा तोंडाने वाजवतो. हे सगळं बसवलं विजेच्या बोर्डाच्या पीव्हीसी डब्यात, जो कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. एक लाल मशरूम बटण मात्र दोघांच्या मध्ये, भिंतीवर. ते कुणीही, कधीही दाबायचं, विचारायचं नाही.

त्या लाल बटणाने एक गोष्ट शिकवली. डिकोडरमध्ये सीव्ही नावाचे आकडे असतात: सीव्ही ३ म्हणजे वेग किती सावकाश चढावा, ४ म्हणजे किती सावकाश उतरावा, ५ म्हणजे जास्तीत जास्त वेग. दहा बटणांच्या कंट्रोलरवरून मला फक्त पत्ता बदलता येत होता, हे आकडे नाहीत. डीसीसी-ईएक्समध्ये शिल्डचा दुसरा चॅनेल प्रोग्रॅमिंगच्या वेगळ्या रुळाला देता येतो, तिथे वाचताही येतात, लिहिताही. मी दोन्ही इंजिनांचा सीव्ही ५ कमी केला. आता आठव्या नॉचलाही गाडी वळणावरून उडत नाही. "हळू चालव रे" हे वाक्य माझ्या दिवसातून गेलं, त्याबद्दल तरी या सगळ्या उद्योगाचे उपकार.

सीव्ही ४ वरून मात्र घरात दोन तट पडले. अप्पांना खरं ब्रेकिंग हवं होतं: भरलेली मालगाडी काय जागच्या जागी थांबते का? त्यांनी आकडा वाढवायला लावला. धाकटीने नॉच शून्यावर आणला, गाडी चालतच राहिली, आणि तिने डबा जमिनीवर आपटला, बिघडला म्हणून. पाच वर्षांच्या माणसासाठी शून्य म्हणजे शून्य. शेवटी सातला सीव्ही ४ अगदी थोडा, आणि तीनला मोठ्याच्या मर्जीने जास्त. त्याला आता स्टेशनच्या दीड हात आधी नॉच उतरवायची सवय लागलीय. आणि लाल बटणासाठी शून्य वेगाचा नव्हे, इमर्जन्सी स्टॉपचा निरोप पाठवायचा, कारण तो सीव्ही ४ जुमानत नाही, तिथल्या तिथे थांबवतो. हे आधी चुकलं होतं. लाल बटण दाबूनही गाडी ऐटीत दोन हात पुढे गेली, तेव्हा कळलं.

पोरांच्या हाती द्यायच्या आधी एक रुपयाचं नाणं घेऊन मी सगळ्या रुळांवर आडवं ठेवत गेले. नाणं टाकलं की शॉर्ट होतो, आणि स्टेशनने लगेच वीज तोडली पाहिजे. सांध्यापलीकडच्या कोपऱ्यात तोडली नाही, नाणं गरम झालं. तिथली वायर बारीक होती, जाड टाकली, आणखी दोन ठिकाणी रुळांना थेट वायर जोडली. तेरा व्होल्टचा झटका बसत नाही, पण दोन अँपिअरने बारीक वायर तापते. कंट्रोलर कुठलाही घ्या, महागातला घ्या, ही नाण्याची फेरी चुकवू नका.

आपल्या हवेचं वेगळंच. मे महिन्यात माळ्यावर भट्टी, कुलर लावला तर रुळांवर ओल, न लावला तर धूळ. डिजिटल इंजिनाला निरोप रुळातूनच मिळतो, त्यामुळे धुळीने साध्या डीसीपेक्षा हे लवकर अडखळतं. आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा रुळांवरून फिरवते. कपाशीचा माल मी बंद केला, तंतू चाकांच्या कण्यांना गुंडाळले जातात. आता धाकटी चिंचोके वाहते आणि त्यांना सावद्याची केळी म्हणते.

संध्याकाळी वर गेलं की दोघं पाटावर बसलेले असतात, डबा मांडीवर, मान वर. सायडिंगच्या तोंडाशी मी एलईडीचा सिग्नल लावून दिलाय, तो अप्पांच्या हातात असतो. "हिरवा!" असं धाकटी ओरडते, हात लांब करून, आणि नॉचकडे न बघता टक टक दोन घरं पुढे. कधी कधी सिग्नल लालच असतो आणि तरी ती हिरवा ओरडते. मग चौकशी बसते, अप्पा चौकशी अधिकारी, मोठा साक्षीदार.

मेगाचा तिसरा पोर्ट अजून रिकामा आहे. परवा अप्पा बाजारातून आणखी एक पीव्हीसीचा डबा घेऊन आले. म्हणाले, दिवाळीला नणंदेची पोरं येतील त्यांच्यासाठी. मी पुसायला उचलला तर त्याच्यावर काळ्या मार्करने नॉच आधीच लिहून झाले होते, एक ते बत्तीस. रोटरी स्विच बारा घरांचाच आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.